आई माझ्या गाडीवर बसत नाय

गाडी माझी होती. हे आधीच सांगून ठेवते, कारण आमच्या गल्लीला ती वहिनीची वाटायची. दूधवाल्याला वाटायची, समोरच्या काकूंना वाटायची, आणि पाण्याच्या टँकरवाल्याला तर पक्कंच. तो गल्लीच्या तोंडाशी टँकर थांबवून ओरडायचा, की वहिनींची गाडी बाजूला घ्या. मी तिथंच दारात बादली घेऊन उभी असायचे, तरी.

आता पहिल्यापासून सांगते, नायतर माझं असं होतं, मी मधूनच सुरू करते अन समोरच्याला काय कळतच नाय.

मी तेव्हा औरंगपुऱ्यात एका लॅबमधे रिपोर्ट टाईप करायचे. अर्ध्या शहराची शुगर माझ्या बोटांखालून गेली असेल. घर आमचं देवळाईकडं, बायपासच्या पलीकडं. त्या वर्षांत तिकडं काय चाललं होतं ते बघायला पाहिजे होतं. आज जिथं बाभळी दिसायच्या तिथं महिन्याभरात पत्र्याचं कुंपण, मग खड्डा, मग पाच मजले, आणि गेटवर कुठल्यातरी पार्कचं नाव. पार्क म्हणजे झाडाचं एक पान नसायचं. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी गायब, नळाची लाईन आमच्यापर्यंत पोचलीच नव्हती, बोअर फुसफुस करून बंद पडलेला, आणि इमारती मात्र वर चाललेल्या. मी आणि भाऊ-वहिनी आणि आई, तळमजल्याच्या घरात, दारासमोर निळा ड्रम, टँकर आला की भरायचा अन पुढचा येईपर्यंत पुरवायचा.

लॅबला जायचं म्हणजे शेअर रिक्षा. मागं चौघी, त्यातली चौथी नेहमी मी, कारण मी बारीक. अर्धी सीटवर, अर्धी हवेत. त्यामुळं गाडी घ्यायचं डोक्यात होतंच. पण खरं कारण ते नव्हतं.

खरं कारण आई. बाबा गेल्यापासून आई कुठं जायचीच नाय. गेलीच तर चालत, नायतर रिक्षा. भावाच्या मोटरसायकलवर ती कधी बसली नाय, म्हणायची सीट लई उंच आहे, माझे गुडघे चढत नायत. मला ते पटलेलं. मग मी लॅबमधे कुणाचं हिमोग्लोबिन टाईप करता करता बघायचे, की मी पुढं, आई मागं एका अंगानं बसलेली, पदर खोचलेला, एक हात माझ्या खांद्यावर, आणि मी तिला संग्रामनगरच्या पुलावरून शहर दाखवतेय. रोज बघायचे. रोज थोडं लांब जायचो आम्ही. एकदा तर पैठणपर्यंत गेलो, धरण बघून आलो.

मग माझी भिशी लागली.

शोरूम म्हणजे एका गाळ्यात बॅटरीवर चालणाऱ्या सहा गाड्या. सगळ्यात स्वस्त होती तिच्या सीटची उंची मी आधी हातानं मोजून बघितली. बुटकी होती. मस्त. रंग मला लाल पाहिजे होता, होता फक्त राखाडी, चालेल म्हणलं. तिथला माणूस एकेक बोट दुमडत सांगत होता की लायसन लागत नाय, पासिंग लागत नाय, पेट्रोल लागत नाय, आणि मी मनातल्या मनात पुढचं बोट दुमडलं, की शिकायला पण लागत नाय. कारण मी आयुष्यात साधी सायकल चालवलेली नव्हती. हे मी कुणाला बोलले नाय अन कुणी विचारलं पण नाय. भाऊ सोबत होता, त्याला वाटलं मी मैत्रिणीच्या स्कूटीवर शिकलेय. मला वाटलं, पळायला लागली की आपोआप जमेल, लहान लेकरू चालतं तसं.

गाडी भावानं घरी आणली. संध्याकाळी पूजा. वहिनीला लग्न होऊन सहा-सात महिने झालेले, तिनं हळदीकुंकवाचं स्वस्तिक काढलं, ओवाळलं. आईनं नारळ फोडला. चाकांखाली लिंबं ठेवली. समोरच्या काकू, वरच्या मजल्यावरचे, सगळे बघायला आलेले. भावानं चावी फिरवून लाईट लावून दाखवले आणि चावी तशीच ठेवून पेढे वाटायला गेला.

पेट्रोलची गाडी चालू असली की थरथरते, धूर सोडते, गल्लीला सांगते की मी चालू आहे. ही गप. मला काय माहीत ती जागी आहे. झेंडूचा हार घसरत होता म्हणून मी बाजूला उभी राहूनच हँडल धरलं, उजवी मूठ चांगली घट्ट, आणि हार वर ओढायला जोर लावला. मूठ फिरली. गाडी लिंबावरून निघाली. आता घाबरलं की माणूस काय करतं, सोडतं का? नाय. अजून घट्ट धरतं. मी अजून घट्ट धरलं, ती अजून पळाली, आणि दोघी मिळून गेलो ते सरळ निळ्या ड्रमवर.

ड्रम पडला नाय. पडला असता तर परवडलं असतं, उचलला असता. चाक नेमकं खालच्या तोटीवर बसलं, तोटी तुटून उडाली, आणि भोकातून पाणी असं सुटलं की विचारू नका. दुपारीच टँकर आलेला. ड्रम काठोकाठ.

माझ्याकडं कुणी बघितलं नाय. गाडीकडं पण नाय. सगळे पाण्याकडं पळाले. आईनं भोकावर तळहात दाबून धरला, वरच्या मजल्यावरून पातेली आली, काकूंनी घरातून टोप आणला, भाऊ पेढ्याच्या खोक्यासकट फडकं शोधत फिरत होता. तरी निम्मं पाणी गल्लीनं गेलं. मातीनं ते असं पिलं की पाच मिनिटांत डाग पण राहिला नाय. टोप भरता भरता काकू म्हणाल्या, "पोरीनं गाडीला पहिली आंघोळ घातली, तीबी टँकरच्या पाण्यानं." सगळे हसले. मी पण हसले, दुसरं काय करणार.

आणि ह्या सगळ्यात वहिनीनं काय केलं, तर तिनं चावी बंद केली, ब्रेक दाबून गाडी मागं घेतली आणि स्टँडला लावली. असं सहज, जसं कुणी दारातली चप्पल सरळ करतं. ते माझ्याशिवाय कुणी बघितलं नाय.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. वहिनीला दळण आणायचं होतं. ती म्हणाली, ताई, गाडी नेऊ का? आम्ही दोघी एकाच वयाच्या, पण ती मला ताई म्हणायची अन मी तिला वहिनी, आणि दोन्हीकडून अहो-जाहो. मी म्हणलं न्या की. खरं सांगते, मला वाटलं ही कोपऱ्यावर पडेल आणि मग आम्ही दोघी सारख्या होऊ. मी दारात उभी राहून वाट बघितली. ती गेली. कोपऱ्यावर पाय न टेकवता वळली. थोड्या वेळानं पिठाचा डबा पायांत ठेवून परत आली, आणि परत तोच कोपरा, तसाच वळली.

कुठं शिकलात, म्हणून विचारलं. तिचं माहेर पैठणजवळचं. म्हणाली, मोसंबीच्या बागेतून भावाची मोटरसायकल फिरवायचे, झाडांच्या मधून, घरचे झोपले की दुपारी. इथं आल्यावर कुणी विचारलं नाय म्हणून सांगितलं नाय. आई ऐकत होती. आईच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी माझ्या कुठल्या निकालाला पण बघितलं नव्हतं.

नंतरची गोष्ट रिक्षातली आहे. लॅबमधून येत होते. दर्गा चौकात रिक्षा थांबली, मी नेहमीसारखी चौथी, एक पाय बाहेर. आणि समोरून माझी गाडी गेली. राखाडी. मागं आई. एका अंगानं बसलेली, पदर खोचलेला, एक हात खांद्यावर. मी इतकी वर्षं, बरं इतके महिने, जे बघत होते ना, ते सगळं जसंच्या तसं होतं. गाडी बरोबर, सीट बरोबर, आई बरोबर. फक्त पुढची बाई चुकीची होती.

रिक्षावाल्यानं पण बघितलं. म्हणाला, क्या मस्त चला री. मी म्हणलं, ती माझी गाडी आहे. त्याला कळलं नसावं. तो म्हणाला, हां दीदी, ऐसीच एक लेने का मेरी बेटी के लिए.

तिथून मला जे जळायला लागलं ते जळायला लागलं. मी काय वाईट मुलगी नाय, पण आता लिहायलाच बसले तर लिहिते. घरी आल्यावर मी पहिल्यांदा गाडी बघायचे, आईला नंतर. आरसे फिरलेले असायचे, वहिनी माझ्यापेक्षा उंच, ती स्वतःच्या डोळ्यांप्रमाणं लावायची. मी ते रोज परत माझ्याप्रमाणं करायचे, आणि मला तर गाडी चालवता पण येत नव्हती. हेल्मेटला तिच्या तेलाचा वास. पिशवी अडकवायच्या हुकाला मेथीचं पान चिकटलेलं. म्हणजे दोघी भाजीला गेल्या होत्या. गुडघ्याच्या डॉक्टरकडं पण दोघी. कुठल्यातरी पैठणीच्या दुकानात नुसतं बघायला म्हणून पण दोघी, घेतलं काय नाय, आणि आल्यावर आई जेवताना सांगतेय की त्यात मोर होता, असा मोर होता. मी म्हणलं, मी रोज त्या दुकानासमोरून जाते. कुणी ऐकलं नाय.

आणि चार्जिंग. ज्यांच्याकडं अशी गाडी नाय त्यांना हे कळणार नाय. पेट्रोलवरून भांडणं होत नायत, कमी पडलं की टाकून आणलं. चार्जिंग घरातलं असतं, पाण्यासारखं, कुणी किती वापरलं ते दिसतं. गाडीच्या मीटरवर चार्जिंगच्या चार काड्या असायच्या. सकाळी चार, संध्याकाळी मी आले की एक. खिडकीतून वायर काढून बोर्ड लावायचा, तेवढ्यात लाईट जायची. मी उगाच मोठ्यानं म्हणायचे, अरे वा, आज लांब जाऊन आलेले दिसतात लोक. वहिनी म्हणायची, सॉरी ताई, उद्या कमी नेते. इतकं साधं म्हणायची की भांडण पुढं सरकतच नाय. त्याचा पण राग.

आईनं मला एकदा पण विचारलं नाय की तुझी गाडी तू कधी चालवणार.

मग मी शिकायला लागले. सकाळी उठून गाडी ढकलत मागच्या प्लॉटिंगवर न्यायचे. तिथं रस्ते आखलेले, दगड रंगवलेले, कमान उभी, आणि घर एक पण नाय. चार कुत्री आणि मी. पहिले दिवस पाय खाली घासतच चालवायचे, चपलेची टाच झिजली. मूठ फिरवली की एकदम झेपायची, सोडली की एकदम मरायची, मधलं कायच नाय. मग कळलं की मूठ पिळायची नसते, नुसती विचारायची असते तिला, हळूच. पडले. ढोपर फुटलं, घरी सांगितलं लॅबच्या जिन्यात पडले. परत पडले. एका सकाळी म्हैस आडवी बसलेली रस्त्यात, तिला माझ्या गाडीचा आवाजच येईना, मी हॉर्न शोधेपर्यंत तिच्यापाशी पोचले आणि थांबले. थांबले म्हणजे बघा, पाय न घासता, ब्रेक दाबून, जिथं पाहिजे तिथं. म्हशीनं मान पण वळवली नाय. मला तर ओरडावंसं वाटलं.

त्या दिवसापासून मी गाडी लॅबला न्यायला लागले. लई मजा यायची आणि लई भीती वाटायची. संग्रामनगरच्या पुलाच्या चढावर गाडी इतकी दमायची की एक सायकलवाले काका मला मागं टाकून गेले, आणि वळून म्हणाले, उतरून ढकल बाई, लवकर जाशील. पैठण गेटजवळ एका रिक्षावाल्यानं कपाळावर हात मारला, "क्या दीदी, भूत के माफिक आते तुम. आवाज तो करो." पण पोचले. गाडी लॅबखाली लावली, आणि दिवसभर खिडकीतून तीनदा वाकून बघितली.

आता दिवसभर गाडी माझ्याकडं. वहिनी घरात. मला वाटलं, झालं, आता आई माझ्या मागं बसणार, दुसरं कोण आहे? पण आई म्हणायची, आज कंटाळा आलाय. आज पाय दुखतोय. आज टँकरचा दिवस. आणि संध्याकाळी गाडी जरा चार्ज झाली की वहिनी गाडी वळवून दारासमोर आणायची, म्हणायची, चला आई, बसा, देवळात जाऊन येऊ. आणि आई जायची. कंटाळा नाय, पाय नाय, काय नाय.

मी समजले. ड्रम. आईच्या डोळ्यांसमोर तो ड्रम असणार. मी शिकले, रोज शहर पार करून जाते, तरी तिच्यासाठी मी अजून तोटी उडवणारीच.

मग एक रविवार आला. भाजीचा बाजार आमच्याकडून चालत वीस-पंचवीस मिनिटांवर, रस्ता सरळ, नवीन डांबराचा, गर्दी नाय. वहिनीचं डोकं दुखत होतं, ती झोपलेली. मी सकाळीच गाडी ओल्या फडक्यानं पुसली, आरसे लावले, चार काड्या भरलेल्या. पिशव्या हुकाला अडकवून दारात गाडी उभी केली आणि वर बसले. आई बाहेर आली, बाजाराला जायचं लुगडं नेसून. तिनं गाडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, हुकावरच्या पिशव्या काढून घेतल्या आणि म्हणाली, मी चालत जाते, ऊन नाय अजून.

चालत. दुखऱ्या गुडघ्यांनी.

मी चावी फिरवली. मग गेले तिच्या मागं. गाडीवरच, पण तिच्या वेगानं, म्हणजे पाय टेकवत टेकवत. गल्ली संपली, मोठा रस्ता आला, तिनं मागं बघितलं नाय. समोरच्या काकू ओट्यावर बसून डाळ निवडत होत्या, त्यांनी मात्र पुरतं बघितलं. प्लॉटिंगच्या कमानीपाशी पोचल्यावर मला राहवेना. गाडी तिच्या पुढं आडवी लावली. मी काय काय बोलले ते सगळं सांगत नाय. की गाडी मी तुझ्यासाठी घेतली, बुटकी सीट बघून घेतली. की एकदा तोटी मोडली तर जन्मभर मी तशीच का. की वहिनी काल आली अन तू तिच्या मागं बसून सगळं गाव फिरतेस. शेवटी मी म्हणलं, "तिच्या मागं बसतेस ना? मग माझ्या मागं का नाय?"

आईनं पिशव्या दुसऱ्या हातात घेतल्या. आजूबाजूला बघितलं, कुणी नव्हतं.

"तिच्या मागं बसावं लागतं गं," ती म्हणाली. "ती परक्या घरून आलीय. गाडी दारात आणून चला म्हणते, नाय म्हणलं तर तिला वाटंल सासूचा भरवसा नाय. तू काय, तुला नाय म्हणलं तर तू माझ्यावर ओरडशील. ओरडलीस ना आता? ओरड. माझी मला भीती वाटते, कुणाच्याबी मागं."

मग तिनं सांगितलं. लग्न झाल्यावर पहिल्याच वर्षी बाबांनी कुणाचीतरी स्कूटर मागून आणली होती आणि तिला खंडोबाला घेऊन निघाले. इथल्याच सातारा गावच्या रस्त्याला गतिरोधक आला, स्कूटर उसळली, आई मागं पडली. रस्त्यात. बाबांना पत्ताच नाय. ते बोलत बोलत पुढं गेले, थेट देवळापर्यंत, आणि तिथं उतरून म्हणाले की नारळ घे. मागं कुणी नाय. आई तोवर रस्त्याच्या कडेला बसलेली, एका बाईनं पाणी दिलं तिला. तेव्हापासून दोन चाकांच्या गाडीवर बसायचं म्हणलं की तिला तो रस्ता दिसतो. भावाची सीट उंच वगैरे सगळं खोटं. बाबांनी शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाय, लाजेनं. तिनं पण नाय सांगितलं, त्यांच्या लाजेसाठी.

मी म्हणलं, मग वहिनीच्या मागं एवढी फिरतेस ती?

"डोळे मिटून," आई म्हणाली. "बसले की मिटते, उतरले की उघडते. तुमचा तो पूल मी अजून बघितला नाय."

मला हसू आलं. आईला पण आलं, पण तिनं लगेच आवरलं आणि म्हणाली, तिला सांगू नको, जीव लावून नेते ती.

मी आडवी लावलेली गाडी सरळ केली. आईच म्हणाली, चल, तू तुझी चालव, मी अशी बाजूनं येते. पिशव्या तिनं परत हुकाला अडकवल्या. आणि आम्ही निघालो. मी गाडीवर, मूठ एवढीशी फिरवलेली, चालणाऱ्या माणसाच्या वेगानं. ती माझ्या डाव्या बाजूला, एक हात मागच्या रिकाम्या सीटवर ठेवून. इतक्या हळू गाडी चालवणं हे जोरात चालवण्यापेक्षा अवघड आहे, करून बघा. दोनदा तोल गेला, दोन्ही वेळा आईनंच सीट धरली.

बाजार केला. कांदे, भोपळा, कोथिंबीर, टरबूज एक मोठं, सगळं गाडीच्या पायांत अन हुकाला. परत येताना पण तसंच. आणि आई बोलायला लागली. बाबांचं, त्या मागून आणलेल्या स्कूटरचं, तिच्या लग्नात बैल उधळला होता त्याचं, करमाडच्या मावशीनं नवीन घराला गुलाबी रंग दिलाय आणि आता पस्तावतेय त्याचं. गाडीला आवाज नाय ना, त्यामुळं सगळं ऐकू येत होतं. मी पण बोलत होते, मी तर थांबतच नाय. एक मोटरसायकलवाला हॉर्न देऊन गेला, आम्ही हललो नाय.

घरापाशी आलो तर वहिनी फाटकात उभी. डोकं बांधलेलं, एका हातानं फाटक धरलेलं. ती आम्हाला लांबूनच बघत असणार, कारण आई काहीतरी सांगत होती आणि मी हसत होते, आणि वहिनी तशीच उभी होती, पुढं आली नाय. आई पिशव्या घेऊन आत गेली. मी टरबूज उतरवायला वाकले. वहिनी शेजारी येऊन हळूच बोलली, आत ऐकू जाणार नाय इतकं.

"ताई, तुमच्याशी किती बोलतात हो आई. माझ्या मागं बसल्या की एक शब्द नाय. मी काय पण सांगितलं तर नुसतं हं. खांदा मात्र असा दाबून धरतात की वळ उठतो. माझ्यावर राग आहे का त्यांचा?"

मी टरबूज हातात घेऊन उभी. तिच्या तोंडाकडं बघितलं. इतके दिवस मला वाटत होतं की जळायचं काम एकटी मीच करतेय. आणि ही इकडं संध्याकाळी आईला घेऊन पूल चढताना मनात विचार करतेय की मागची बाई बोलत का नाय.

मला सांगता आलं असतं. एक वाक्य होतं, घाबरते हो ती, डोळे मिटून बसते. पण आईनं सांगू नको म्हणलं होतं. हे झालं एक. आणि दुसरं असं, की ती गोष्ट माझ्याजवळ होती आणि वहिनीजवळ नव्हती, आणि मला ते लई बरं वाटत होतं. इतकं बरं की टरबुजाचं वजन पण लागत नव्हतं.

"राग कसला," मी म्हणलं. "राग असता तर बसल्याच नसत्या."

हे खरंच होतं, नाय का? तिला पटलं की नाय माहीत नाय. ती म्हणाली, डोकं जरा जड आहे, वाऱ्यानं बरं वाटेल, एक चक्कर मारून येऊ का? मी चावी दिली. तिनं आरसे स्वतःप्रमाणं फिरवले, माझ्यासमोरच, आणि निघाली.

मी टरबूज कडेवर घेऊन बघत राहिले. कोपऱ्यावर वाळूचा ढीग पडलेला, नवीन बांधकामाचा, निम्मा रस्ता अडवलेला. मी तिथं रोज उतरून गाडी ढकलत नेते. ती थांबली नाय. जरा कलली, ढिगाच्या आणि भिंतीच्या मधून निघाली, पाय वर, पदर मागं, आणि दिसेनाशी झाली.

काय सांगू, परत जळलं.